फँटसी रोलप्लेसाठी कोरियन धाटणीचं पात्र: पायापासून उभं कसं करायचं

के-ड्रामा म्हणजे कोरियन मालिका बघून रोलप्लेमध्ये, म्हणजे ग्रुपवर पोस्टी लिहून एकेक पात्र खेळायच्या खेळात, उतरलेल्यांची पात्रं दिसायला देखणी असतात. लांब केस, हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख, कमरेला तलवार, मागे नऊ शेपट्यांची सावली. पण खेळ सुरू झाला आणि समोरच्याने विचारलं, "तू कुणाच्या घरचा?" की तिथेच गाडी अडते. कारण पात्राचं रूप ठरलेलं असतं, जागा ठरलेली नसते. कोरियाच्या जुन्या समाजात कुणापुढे वाकायचं, कुणाला अरेतुरे करायचं, ओसरीवर बसायचं की अंगणात उभं राहायचं, हे सगळं माणसाच्या जागेवरून ठरायचं. म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी जागा ठरवा. चेहरा, शक्ती, शस्त्र हे सगळं त्या जागेतून काढा.

या लेखात एक पात्र आपण सुरुवातीपासून घडवत नेऊ. तिचं नाव बुनी. ती कोण, हे पायरी पायरीने ठरेल.

पहिली पायरी: काळ निवडा

"प्राचीन कोरिया" असा एकच काळ नाही. सिल्ला, बेक्जे आणि गोगुर्यो ही तीन राज्यं. त्यानंतर सिल्लाने केलेलं एकत्रीकरण. मग 918 ते 1392 गोर्यो. आणि 1392 ते 1897 जोसॉन. प्रत्येकाची हवा वेगळी. गोगुर्यो म्हणजे उत्तरेकडचे घोडेस्वार, थडग्यांच्या भिंतींवरची शिकारीची चित्रं, तीन पायांचा कावळा. सिल्लामध्ये ह्वारांग नावाची उमराव तरुणांची पथकं होती आणि जन्मावरून पद ठरवणारी हाडाच्या दर्जाची उतरंड होती. गोर्योत बौद्ध मठांना मोठं वजन होतं. जोसॉनमध्ये कन्फ्यूशियन शिस्त आली, मठ डोंगरात ढकलले गेले आणि लेखणीला तलवारीपेक्षा जास्त मान मिळाला.

युद्ध आणि दंतकथा हवी असेल तर गोगुर्यो घ्या. कारस्थानं, नियम आणि नियम मोडणारी माणसं हवी असतील तर जोसॉन. नवशिक्याला मी जोसॉनच सुचवेन. ड्रामांमुळे तो काळ डोळ्यांसमोर असतो, आणि राजांच्या कारभाराच्या अधिकृत बखरी टिकून असल्यामुळे रोजच्या जगण्याचे बारकावेही सापडतात.

तुमच्या ग्रुपच्या जगात कोरिया नावाचा देशच नसेल तरी काही बिघडत नाही. राज्याचं नाव बदला, उतरंड तशीच ठेवा. मात्र एकाच पात्रात सिल्लाचा ह्वारांग, जोसॉनचा महाल आणि जपानी कताना तलवार कोंबू नका. किमोनो, निन्जा, सामुराई यांचा कोरियाशी संबंध नाही, आणि चिनी तपस्वी-तलवारबाजांच्या कथांमधली साधनेची पातळीपद्धतसुद्धा वेगळ्या घरची आहे. कोरियन वाचकाला हे लगेच खटकतं.

काळ ठरला की त्या काळात काय नव्हतं, तेही पाहून ठेवा. मिरची आणि तंबाखू कोरियात पोचले ते साधारण 1592 ते 1598 च्या जपानी स्वारीच्या आसपास, आणि रताळं त्याहूनही उशिरा, अठराव्या शतकात. तेव्हा 1450 मधल्या पात्राच्या ताटात लालभडक किमची वाढू नका. कोरियन लिपी सेजोंग राजाने 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. त्याआधीचं पात्र चिठ्ठी लिहीत असेल तर ती चिनी अक्षरांत, म्हणजे शिकलेल्या घरातलीच. तायक्वांदो हे नाव तर 1955 चं.

बुनीसाठी मी सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध घेतला. राजधानी हान्यांग, म्हणजे आजचं सोल.

दुसरी पायरी: उतरंडीत जागा द्या

जोसॉनची ढोबळ रचना अशी. वर यांगबान, म्हणजे परीक्षा देऊन दरबारी पदं मिळवणारी घराणी. त्यांच्या खाली जुंगिन: दुभाषे, वैद्य, ज्योतिषी, हिशेबनीस. त्याखाली सांगमिन, म्हणजे शेतकरी, कारागीर, व्यापारी. तळाला चॉनमिन: गुलाम, खाटीक, मुदांग म्हणजे देव अंगात येणाऱ्या पुजारणी, डोंबारी-खेळकरी. गुलामी कायद्याने संपली ती थेट 1894 मध्ये, आणि सरकारी नोकरीच्या परीक्षाही त्याच वर्षी बंद झाल्या.

नव्या खेळाडूंपैकी बहुतेकांना राजपुत्र व्हायचं असतं. मी म्हणेन, नका होऊ. राजपुत्र महालाबाहेर पडू शकत नाही, कुणाशी मोकळं बोलू शकत नाही, आणि एका ग्रुपमध्ये सहा राजपुत्र झाले की राज्य कुणी चालवायचं? ज्या पात्राला सगळीकडे जाता येतं पण कुठेच बसता येत नाही, त्याला खेळायला सगळ्यात जास्त मिळतं. अशी काही कामं सांगतो.

आमहेंग-ओसा, म्हणजे राजाचा गुप्त तपासनीस. त्याला मोहोरबंद आज्ञापत्र मिळायचं आणि ते राजधानीच्या वेशीबाहेर गेल्यावरच उघडायचं. फाटक्या कपड्यांत गावोगाव फिरायचं, आणि वेळ आली की "मापे" नावाची, घोडे कोरलेली बिल्ल्यासारखी चकती काढायची. चकतीवर जितके घोडे, तितके घोडे सरकारी तळावरून मागता यायचे. शिवाय सोबत पितळी मोजपट्टी, अधिकाऱ्यांची मापं खरी की खोटी ते पडताळायला. पात्र म्हणून अर्धं काम इथेच झालं.

मग बोबुसांग, पाठीवर किंवा गाठोड्यात माल घेऊन बाजारामागून बाजार फिरणारे विक्रेते. नामसादांग, दोरीवरून चालणारे आणि मुखवट्यांचे खेळ करणारे फिरस्ते. जेजू बेटावरच्या हेन्यो, श्वास रोखून समुद्रतळातून शिंपले काढणाऱ्या बायका. त्यांच्या परंपरेला 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. दुभाषे, जे चीनच्या वाटेवर व्यापारही करायचे.

आणि उइन्यो, स्त्री-वैद्य. बुनी ही आहे. 1406 मध्ये ही व्यवस्था सुरू झाली, कारण आजारी बायका पुरुष वैद्याला अंग दाखवायला तयार नसत आणि उपचाराविना मरत. मग सरकारी गुलाम वर्गातल्या मुली निवडून त्यांना नाडी, सुया आणि बाळंतपण शिकवलं गेलं. म्हणजे जन्माने सगळ्यात खालची, पण राणीच्या मनगटावर बोटं ठेवणारी. पुढे बायकांच्या दालनांची झडती घ्यायची असली की अधिकारी उइन्योंनाच आत पाठवत. एकाच बाईच्या हातात औषध, घराघरांतली गुपितं आणि पोलिसी काम. यापेक्षा जास्त कथानक कुठल्या तलवारीत मिळणार?

तिसरी पायरी: नाव

आडनाव आधी, नाव नंतर. पण आडनाव प्रत्येकाला देऊ नका; तळातल्या लोकांना बराच काळ ते नसायचंच. आडनाव दिलंत तर त्याचं मूळगावही ठरवा. किमहेचे किम वेगळे, ग्यॉन्गजूचे किम वेगळे. आणि जॉन्जूचे ई म्हणजे जोसॉनचं राजघराणं, ते सहज वापरू नका. एकाच मूळगावाच्या एकाच आडनावात लग्न होत नसे. प्रेमकथा खेळणार असाल तर हा अडसर आयताच मिळतो. लग्नानंतर बाई स्वतःचं आडनाव बदलत नाही. मोठ्या घरात एका पिढीच्या भावांच्या नावात एक अक्षर समान असतं. शिकलेल्या पुरुषाला लहानपणीचं नाव, मोठेपणीचं नाव आणि टोपणनाव अशी तीन-चार नावं असत, आणि थोरामोठ्याचं खरं नाव तोंडावर घेणं उद्धटपणाचं.

भारतीय धागा हवा असलेल्या खेळाडूंसाठी किमहे खास आहे. तेराव्या शतकातल्या साम्गुक युसा या ग्रंथानुसार आयुता नावाच्या देशाची राजकन्या हो ह्वांग-ओक इ. स. 48 मध्ये नावेने येऊन, किमहेचे किम ज्याला मूळपुरुष मानतात त्या गाया राज्याच्या सुरो राजाची राणी झाली. आयुता म्हणजे अयोध्याच का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण अयोध्येत तिचं स्मारक 2001 मध्ये उभं राहिलं. पात्राच्या घराण्यात ही दंतकथा सांगितली जाते, एवढं लिहिलंत तर ते खरंही असेल आणि पुरेसंही.

बुनीला आडनाव नाही. नोंदवहीत फक्त बुनी.

वय लिहिताना एक काळजी घ्या. जुन्या कोरियन पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि नव्या वर्षाला सगळेच एका वर्षाने मोठे होतात. म्हणजे पात्र "वीस वर्षांची" म्हणते तेव्हा आपल्या हिशेबाने ती अठरा किंवा एकोणीस. प्रोफाइलमध्ये आपल्या हिशेबाचं वय स्पष्ट टाका, कारण बहुतेक ग्रुपांत वयाचे नियम कडक असतात आणि ते तसेच असावेत.

चौथी पायरी: बोलणं

इथे मराठीत खेळणाऱ्याला मोठा फायदा आहे, आणि बहुतेक जण तो वाया घालवतात. कोरियनमध्ये नात्याप्रमाणे क्रियापदाचा शेवट बदलतो. इंग्रजीत खेळणारे ते दाखवायला धडपडतात. आपल्याकडे "बस", "बसा" आणि "बसावं" आयतंच हाताशी आहे. परक्यालाही दादा, ताई, काका म्हणायची सवयसुद्धा दोन्हीकडे आहे.

तेव्हा प्रोफाइल लिहिण्याआधी एक तक्ता करा: हे पात्र कुणाला तू, कुणाला तुम्ही, कुणाला आपण म्हणतं, आणि उलट तिला कोण काय म्हणतं. बुनीचा तक्ता असा. यांगबान घरातली दहा वर्षांची मुलगी बुनीला "तू" म्हणेल आणि बुनी तिला "आपण". शिकवणाऱ्या वडील उइन्योला ती "ताई" म्हणते, पण काम चालू असताना "तुम्ही". घोडेवाल्या मुलाला "तू". आणि नाडी बघताना, फक्त तेवढ्याच क्षणी, तिच्या तोंडून मोठ्या घरच्या बाईलाही थेट हुकूम निघतो: "हलू नका." एवढ्या एका बदलात पात्राचा स्वभाव दिसतो. ती "आपण हलू नये" म्हणत नाही, आणि ते तिच्या लक्षातही येत नाही.

कोरियन शब्द मोजके वापरा. ज्या पदाला मराठीत जोड नाही तिथे ठेवा: उइन्यो, यांगबान, मुदांग. राजाला "जॉन्हा" म्हणतात. सम्राटासाठीचं संबोधन जोसॉनच्या राजाला लावत नसत. दर वाक्यात "ओप्पा", म्हणजे बहिणीने थोरल्या भावाला म्हणायचा शब्द, मात्र नको. थोरल्या भावाला बहीण एक शब्द वापरते आणि भाऊ दुसरा, हे तर पाळाच. शिवाय जुन्या काळाच्या खेळात "ओप्पा" आजच्या सोलमधलं वाटतं. ऐतिहासिक मालिकांतही तिथे "ओराबोनी" येतं.

पाचवी पायरी: कपडे आणि घर

वर्णन करताना जी वस्तू जागा सांगते तीच निवडा. अविवाहित मुलगा असो वा मुलगी, एकच वेणी. लग्न झालं की पुरुषाचा डोक्यावर अंबाडा आणि बाईचा मानेशी अंबाडा, त्यात आडवी काडी. घोड्याच्या केसांची आणि बांबूची काळी, रुंद काठाची टोपी म्हणजे गात, ती यांगबानाची खूण. सामान्य माणसं बहुतेक पांढऱ्या कपड्यांत. प्रौढ पुरुषाकडे होपे ही ओळखपट्टी, मोठ्याची हस्तिदंती तर सामान्याची लाकडी. बुनीच्या डोक्यावर काळ्या रेशमाची चौकोनी घडी, गारिमा. छातीशी सुयांची छोटी नळी. बस, एवढं पुरे.

घरात ओन्दोल असतो: चुलीची धग जमिनीखालच्या मार्गांतून फिरते आणि फरशी तापते. चुलीजवळची जागा सगळ्यात उबदार, ती वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्याची. म्हणजे खोलीत कोण कुठे बसलंय एवढं लिहिलंत की नाती न सांगता कळतात. थोरांसमोर पिताना धाकटा मान वळवून पितो. देणं-घेणं दोन्ही हातांनी. रात्री दहाच्या सुमारास हान्यांगमध्ये घंटेचे 28 टोल पडले की वेशी बंद आणि रस्त्यावर गस्त. पहाटे चारच्या सुमारास 33 टोल पडले की उघडल्या. त्या सहा तासांत बाहेर दिसलेल्या प्रत्येक माणसाला कारण द्यावं लागतं. रोलप्लेसाठी मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

सहावी पायरी: अद्भुत भाग

गुमिहो, म्हणजे नऊ शेपट्यांची कोल्ही, सगळ्यांनाच हवी असते. घ्या, पण लोककथेतला मणी विसरू नका. कोल्हीजवळ एक मणी असतो. तो गिळून माणसाने आकाशाकडे पाहिलं तर त्याला आकाशातलं ज्ञान मिळतं, जमिनीकडे पाहिलं तर जमिनीचं. कथेतला मुलगा घाईत फक्त जमिनीकडे बघतो आणि तेवढंच ज्ञान घेऊन उरतो. यात शक्ती आहे, आणि तिची मर्यादाही तिच्या पोटातच आहे. असा मणी हरवलेली कोल्ही कुठल्याही "अमर, अजिंक्य" गुमिहोपेक्षा सरस.

दोक्केबी हा भूतही नाही आणि राक्षसही नाही. जुना केरसुणीचा बुडखा, टाकून दिलेली भांडीकुंडी यांत जीव येऊन तो होतो. त्याला कुस्तीची, गाण्याची, कुट्टूच्या पिठाच्या वड्यांची आवड. रात्रभर ज्याच्याशी झुंजून झाडाला बांधला, तो सकाळी बघावं तर केरसुणी. डोक्यावर शिंगं आणि कमरेला वाघाचं कातडं हे ओनी या जपानी राक्षसाचं रूप, ते त्याच्यावर लादू नका. इमुगी हा ड्रॅगन होण्यासाठी हजार वर्षं वाट बघणारा साप. हेताए हा आगीपासून राखणारा आणि खरं-खोटं ओळखणारा पशू. सोलमध्ये राजवाड्याच्या ग्वांगह्वामुन दरवाज्यासमोर त्याच्या मूर्ती आहेत. मुदांग खेळणार असाल तर बारी राजकन्येची कथा आधी वाचा: सातवी मुलगी म्हणून टाकून दिलेली, आणि त्याच आईबापासाठी मृत्युलोकातून जीवनाचं पाणी आणणारी. मुदांगपणाचं मूळ तिच्याशी जोडतात, आणि आजही हा श्रद्धेचा विषय आहे. तिला जादूगारणीच्या साच्यात ओतू नका.

बुनीसाठी मी जॉसुंग साजा घेतले, मृत्यूचे दूत. परलोकाचा राजा योम्रा म्हणजे बौद्ध धर्माच्या वाटेने तिकडे गेलेला आपला यमराजच. लोकरीत अशी, की घरात मरण झालं की दाराबाहेर दूतांसाठी भाताचे तीन वाडगे, गवती चपलांचे तीन जोड आणि थोडी नाणी ठेवायची. दूत लांबून चालत येतात, दमतात, भुकेले असतात. आणि जेवू घातलं तर त्यांचं मन वळतं, अशाही कथा आहेत.

यावरून बुनीची शक्ती ठरली: घरात कुणी मरणार असेल तर उंबऱ्याबाहेर तिला परके गवती जोडे दिसतात. दूत दिसत नाहीत, कुणाला न्यायला आलेत ते कळत नाही. पूर्वी एकदा तिने मरण यायच्या आधीच बाहेर भात ठेवला. ते मूल वाचलं. त्याच रात्री शेजारच्या घरात त्याच नावाचं दुसरं मूल गेलं.

शक्तीला किंमत जोडताना ती अशी असावी, की पात्राने पुढच्या वेळी ती वापरावी की नाही हा खरा प्रश्न पडावा. "वापरली की थकवा येतो" ही किंमत नव्हे.

लढाईबद्दल थोडक्यात. कोरियाचं खरं शस्त्र धनुष्य. शिंगाचं लहान, वाकडं धनुष्य, आणि प्योनजॉन हा आखूड बाण, जो बांबूच्या पन्हळीतून सोडतात. ती पन्हळ नसेल तर शत्रूला तो उचलून परत मारता येत नाही. योद्धा खेळणार असाल तर तलवारीऐवजी हे देऊन बघा. पुढच्या काळातलं पात्र असेल तर 1790 च्या सचित्र युद्धकला-ग्रंथात, मुये दोबो तोंगजीत, चोवीस प्रकार दिले आहेत.

सातवी पायरी: पूर्वकथा आखूड, गाठी मोकळ्या

पूर्वकथा दहा-बारा ओळींत संपवा. सगळं कुटुंब मारून टाकू नका. जिवंत आई, कर्जबाजारी भाऊ, रागावलेली गुरू ही माणसं दुसऱ्या खेळाडूंना घेता येतात, मेलेली घेता येत नाहीत. बुनीच्या तीन गाठी: वाचलेलं मूल आता सात वर्षांचं आहे आणि त्याच्या बापाला काहीतरी संशय आहे. मेलेल्या मुलाची आई बुनीकडेच औषधाला येते. आणि एका अधिकाऱ्याला एका मोठ्या घराची झडती हवी आहे, ज्या घरात बुनीला चांगली वागणूक मिळते. प्रत्येक गाठीत एक जागा रिकामी आहे, तिथे दुसरं पात्र बसू शकतं.

एक गोष्ट मनापासून. 1910 ते 1945 ची जपानी राजवट, त्या काळात बायकांवर झालेले अत्याचार, हे कोरियात अजून ताजं दुखणं आहे. पात्राला "करुण भूतकाळ" हवा म्हणून ते उचलू नका. कीसेंग म्हणजे गाणं-काव्य शिकलेल्या दरबारी कलावंतिणी. त्यांचं पात्र करताना तिला फक्त मोहिनी बनवणंही तितकंच अन्यायाचं.

आठवी पायरी: पहिली पोस्ट

आत्तापर्यंतचं सगळं पहिल्या पोस्टमध्ये ओतायचं नाही. एक खोली, एक काम, एक अडचण. बुनीची पोस्ट मी अशी लिहीन:

*अठ्ठाविसावा टोल विरला तेव्हा बुनी मोठ्या दरवाज्याशी पोचली. गस्तीवाल्याने कंदील वर केला, डोक्यावरची काळी गारिमा पाहिली आणि न बोलता बाजूला झाला.*

*"आत ये. पाय वाजवू नकोस, सासूबाई जाग्या आहेत," थोरल्या सूनबाई दारातून म्हणाल्या.*

*"आपण दिवा जरा जवळ धरावा, बाईसाहेब." बुनीने धाकटीचं मनगट हातात घेतलं. कळा सुरू होऊन बराच वेळ झाला होता. नाडी बारीक, पण धरून. "हलू नका."*

*गरम पाणी आणायला म्हणून ती उठली. पायरीच्या दगडावर जोडे काढून ठेवलेले होते: थोरल्या बाईंचे रेशमी, दाईचे, तिचे स्वतःचे. आणि त्यांच्या पलीकडे गवती चपलांचे तीन जोड, चिखलाने भरलेले.*

*"बाईसाहेब," ती मागे न वळता म्हणाली, "आज घरात आणखी कोण आलंय?"*

या पोस्टमध्ये बघा: तिची जागा गारिमातून आणि "आत ये"मधून कळली, शक्ती फक्त जोड्यांतून. तिने निर्णय घेतलेला नाही, थोरल्या सूनबाईंच्या एका वाक्यापलीकडे दुसऱ्या कुणाच्या पात्राच्या वतीने काही केलेलं नाही. शेवटी थेट प्रश्न आहे, त्यामुळे थोरल्या सूनबाई खेळणाऱ्याला उत्तर द्यायला जागा आहे, आणि तो गुप्त तपासनीस खेळणारा जर परसात लपून बसला असेल तर त्यालाही.

पोस्ट टाकण्यापूर्वी प्रोफाइल मॉडरेटरला दाखवा आणि ग्रुपच्या जगात मृत्यूचे नियम काय आहेत ते विचारून घ्या. बुनीसारखी शक्ती इतरांच्या पात्रांच्या जिवाशी खेळते, तेव्हा "जोडे दिसले" असं लिहिण्याआधी त्या घरातल्या प्रत्येक खेळाडूची संमती हवी. ग्रुपमध्ये कोरियन सदस्य असेल तर नाव आणि संबोधनं एकदा त्याच्या नजरेखालून जाऊ द्या. आणि पहिल्या आठ-दहा पोस्टींनंतर तू-तुम्हीचा तक्ता पुन्हा उघडा. नाती सरकली असतील तर क्रियापदंही सरकायला हवीत. कुणीतरी बुनीला पहिल्यांदा "बसा" म्हणालं, तर त्या पोस्टवर घाईने उत्तर देऊ नका.